तीन गेम आणि वीस गुंठे

समजा, तुमचं वय अठ्ठावन्न आहे. चाळीस वर्षं तुमच्या उजव्या हातात खुरपं नाहीतर विळा होता, आणि आता त्याच हाताखाली माऊस आहे. समोर कॉम्प्युटर गेमच्या तीन सीड्या ठेवल्यात. तिन्हींत जुन्या काळातले राजे, किल्ले, फौजा. तिन्हींत शेवटी जिंकायचंच, पण जिंकायची रीत वेगवेगळी. पहिलीत आळीपाळीनं खेळायचं. तुमची चाल झाली की समोरच्याची, मधे हवा तेवढा विचार करा, चहा पिऊन या. दुसरीत नकाशा सावकाश सरकतो, पण लढाई उभी राहिली की हजार-हजार शिपायांच्या रांगा वळवाव्या लागतात. तिसरीत कुणी कुणासाठी थांबत नाही. तुम्ही डोकं खाजवत बसलात तर तेवढ्या वेळात शेजारी भिंत बांधून मोकळा होतो.

यातली एकच निवडायची. आठ दिवसांनी तिच्यावर तीन इंजिनीअर पोरांशी सामना आहे, आणि या पोरांनी कॉलेजची चार वर्षं अभ्यासापेक्षा याच कामात जास्त घालवली आहेत. हरलात तर तुमचं शेवटचं भातखाचर मुरमाखाली जाणार. सांगा, कुठली सीडी उचलाल?

नांदे गावच्या गोजराबाईंवर ही वेळ २००७ च्या जुलैत आली.

गोजराबाईंचं माहेर मुठा खोऱ्यातलं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन त्या नांद्याला आल्या. नवरा गेणबा शांत माणूस, शेत त्याचं आणि हुकूम हिचा, असं लोक म्हणायचे. गावात त्यांची ओळख होती ती इर्जिकीमुळे. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून एकेकाचं शेत उरकायचं. आज अकरा घरांच्या बायका तुझ्या खाचरात भात लावायला, उद्या त्याच अकरा घरांच्या बायका माझ्या खाचरात. मजुरी नाही, हिशेब नाही. ज्याचा दिवस त्याच्या घरचं जेवण. कुणाचं खाचर आधी घ्यायचं हे गोजराबाई ठरवायच्या. नियम एकच, ज्याचं रोप आधी तयार, त्याची पाळी आधी. पाटलाचं रोप कोवळं असेल तर पाटील थांबेल. एका वर्षी त्यांनी स्वतःचं खाचर सगळ्यात शेवटी घेतलं होतं, कारण त्यांचंच रोप उशिरा आलं होतं. गेणबा कुरकुरला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मुकादमच पुढं घुसला तर मागचं कोण थांबंल?"

मग हिंजवडीला कंपन्या आल्या आणि नांद्याची रानं प्लॉट झाली. गेणबा वारल्यावर मुलानं, शंभूनं, वीस गुंठे सोडून बाकीची जमीन विकली आणि त्या पैशात तीन मजली इमारत बांधली. खाली घरची माणसं, वर भाडेकरू. इमारतीला लिफ्ट नव्हती, पण प्रत्येक खोलीत इंटरनेटची वायर होती. शंभूला त्याचा फार अभिमान होता. ज्या बायका इर्जिकीला यायच्या त्यांचीही आता घरं झाली, वर त्यांचेही भाडेकरू आले. गोजराबाईंना रोज सकाळी पाण्याची मोटर चालू करायची आणि टाकी भरली की बंद करायची, एवढंच काम उरलं. माणसाचा एवढ्यानं दिवस जात नाही.

दुसऱ्या मजल्यावर तीन पोरं राहायची. कौस्तुभ यवतमाळचा, स्वानंद सांगलीचा आणि एकनाथ लातूरचा. तिघंही एकाच कंपनीत. शनिवार-रविवारी तिघांचे तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडून त्यांचा खेळ चालायचा. टाकीतलं पाणी वाहून जातंय हे सांगायला गोजराबाई एकदा वर गेल्या आणि कौस्तुभच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. पडद्यावर बारकं गाव होतं. माणसं लाकडं तोडत होती, मेंढ्या हाकत होती, शेतं करत होती.

"ए पोरा," त्या एकदम म्हणाल्या, "ती बाई कवाधरनं नुसती हुबी हाय."

"कुठली बाई, काकू?"

"ती बग की, विहिरीपाशी. लाल लुगड्याची. सगळी राबत्यात आणि ही बगत बसलीय. तिला कामाला लाव."

कौस्तुभनं पाहिलं. खरंच एक कामकरी बाई पाच मिनिटं रिकामी उभी होती. तो गेम हरत होता, आणि कशामुळे हे त्याला तोवर कळलं नव्हतं.

"काकू," स्वानंद शेजारून ओरडला, "त्याला सांगू नका हो! आमच्या बाजूनं या."

त्या दिवसापासून गोजराबाईंना दर रविवारी वर खुर्ची मिळायला लागली. आधी नुसतं सांगायच्या, मग माऊस धरायला लागल्या. माऊस पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्यांनी तो उचलून कानाजवळ नेऊन पाहिला, आणि पोरं हसली तर म्हणाल्या, "हसा. तुमी पहिल्यांदा विळा धरला की मीबी हसंन."

आता त्या वीस गुंठ्यांबद्दल. इमारतीच्या मागे ओढ्याला लागून ते खाचर होतं. दर वर्षी गोजराबाई त्यात इंद्रायणी भात लावायच्या. पण २००५ ला मजूर मिळायला त्रास झाला, २००६ ला आणखी झाला. माणसं बांधकामांवर जायला लागली होती. २००७ ला कुणीच मिळेना. रोप पंचवीस दिवसांचं झालं, पिवळं पडायच्या आत त्याची आवणी, म्हणजे उपटून चिखलात लावणी, व्हायला हवी होती. गोजराबाई शेजारच्या सारजाबाईंकडे गेल्या. जुन्या इर्जिकीतली ही सगळ्यात चपळ बाई.

"सारजे, एक दिवस ये की."

"अगं माझं गुडघं बग. जिना उतरताना देव आठवत्यात मला. आणि तू अजून आवणी घिऊन बसलीस?"

शेवटी शंभूनं विषय काढला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला रोज संध्याकाळी अंगणात पंधरा मोटरसायकली दिसायच्या आणि भाडेकरूंची भांडणं ऐकावी लागायची.

"आई, माणसं मिळाली तर खुशाल कर आवणी, मी न्हाई म्हणत न्हाई. पण न्हाई मिळाली तर रान पडीक ठिवून काय करायचं? पुढच्या सोमवारी मुरमाच्या गाड्या सांगितल्यात. पार्किंग करू."

"पुढच्या सोमवारी?"

"व्हय. आठ-नऊ दिवस हायेत तुझ्याकडं."

गोजराबाई जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेल्या. शनिवार होता, पोरं खेळत होती.

"पोरांनो, पुढच्या रविवारी माझ्या खाचरात या. एक दिवस. दुपारी मटण-भाकरी."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. एकनाथ म्हणाला, "काकू, आमच्याकडं लातूरला तुरी असतात. भाताचं आपल्याला काही माहीत नाही."

"मी शिकवीन."

"काकू, रविवार म्हणजे आमची मॅच," कौस्तुभ म्हणाला. मग त्याला गंमत सुचली. "असं करा. आम्हाला गेममध्ये हरवा. हरवलंत तर आम्ही तिघं आणि ऑफिसातले आणखी तीन, असे सहाजण येतो. दिवसभर. गेम तुम्ही निवडा, तिन्हींतला कुठलाही. तीन विरुद्ध तीन. तुमचे दोन गडी तुम्ही आणा."

"सबूद?"

"सबूद, काकू."

कौस्तुभ हसत होता. गोजराबाई हसत नव्हत्या. शंभूला त्यांनी रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं तेव्हा त्यानं घास खाली ठेवला.

"आई, तू त्या पोरांशी पैज लावलीस? गेमची?"

"लावली."

"त्यात आपलं रान?"

"तू तर त्यात मुरूमच टाकाय निघालास. मी निदान खेळाय निघाले."

गोजराबाईंचे दोन गडी ठरायला वेळ लागला नाही. एक त्यांची सून शुभांगी. तिनं पौडला टायपिंगची परीक्षा दिली होती आणि तिची बोटं कळफलकावर अशी चालायची की बघणाऱ्याला ती दिसायची नाहीत. दुसरी जुईली, पहिल्या मजल्यावरची भाडेकरू. नाशिकची ही मुलगी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायची. दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीतल्या चुका शोधणं हेच तिचं काम, त्यामुळे ती कशालाच घाबरत नसे.

"काकू, सोपं आहे," जुईली म्हणाली. "आळीपाळीचा घ्या. त्यात घाई नाही. ही पोरं हाताच्या वेगावर जिंकतात, डोक्यावर नाही. वेगच काढून टाकला की झालं."

शुभांगीलाही ते पटलं. गोजराबाईंना मात्र पटवून घ्यायच्या आधी खेळून बघायचं होतं. ऐकून त्यांनी बियाणंसुद्धा कधी घेतलं नव्हतं. मूठभर आणून उगवण बघायच्या, मग पोतं.

रविवार आणि सोमवार त्यांनी जुईलीनं मैत्रिणींकडून जमवलेल्या कॉम्प्युटरवर आळीपाळीचा खेळला. तो त्यांना आवडला. नदी बघून गाव वसवायचं, गावाला विहीर, मग बाजार, मग शेजारच्या राजाला निरोप. एका चालीत पाच-पाच वर्षं सरायची. पण सोमवारी रात्री त्या शुभांगीला म्हणाल्या, "ह्यात माझी पाळी असती तवा तू काय करती?"

"बसते की, आत्या."

"आणि जुईली?"

"ती पण बसते."

"म्हणजे एक राबतोय आणि दोघी बांधावर. हे काय बरोबर न्हाई."

मंगळवारी फौजेचा गेम. तो त्यांना पहिल्या तासातच आवडेनासा झाला. तयार शिपायांच्या पलटणी मिळायच्या आणि त्या टेकडीवरून खाली सोडायच्या. शुभांगीनं एक लढाई जिंकून दाखवली. गोजराबाई मेलेल्या शिपायांचा आकडा वाचत राहिल्या.

"ह्या हजार माणसांना जेवाय कोण घालत हुतं?"

"ते यात दाखवत नाहीत, काकू," जुईली म्हणाली.

"मग ठेव बाजूला."

बुधवारी त्या पळापळीच्या गेमला बसल्या. जुईली आणि शुभांगी त्यांच्या बाजूनं, आणि समोर कॉम्प्युटरचे तीन राजे. वीस मिनिटांत गोजराबाईंच्या गावाची वाताहत झाली. बाकी दोघींची गावं उभी होती, यांच्याकडे मात्र झोपडी बांधायलाही लाकूड नव्हतं.

जुईलीनं त्यांच्या पडद्यावर डोकावून पाहिलं. गावाला लागूनच घनदाट झाडी होती.

"काकू, एवढं जंगल दाराशी आहे! तोडलं का नाही?"

"त्यात देऊळ हाय."

खरंच होतं. झाडांच्या मधोमध एक पडका दगडी चौथरा होता, कुठल्या तरी जुन्या देवळाचा. गेम बनवणाऱ्यानं तो शोभेसाठी टाकला असणार.

"मग?"

"मग म्हंजे? देवराई हाय ती. देवराईला कुऱ्हाड लावायची न्हाई."

"काकू, ती झाडं खरी नाहीत हो. चित्र आहे ते!"

"चित्र तर चित्र. हात माझा खरा हाय न्हवं?"

जुईली हताश होऊन शुभांगीकडे बघायला लागली. शुभांगी हसली नाही. तिच्याही माहेरी देवराई होती आणि तिथलं वाळकं पानसुद्धा कुणी घरी आणत नसे. ती म्हणाली, "जाऊ दे. आत्या, तुमाला लाकूड मी देते." तिनं दोन बटणं दाबली आणि गोजराबाईंच्या पडद्यावर लाकडाचा आकडा शंभरानं वाढला.

गोजराबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"हे कसं केलंस?"

"माझ्याकडचं दिलं. मित्र राजाला देता येतं."

"परत द्यावं लागतं?"

"न्हाई."

"नुसतं लाकूडच का माणसंबी?"

याचं उत्तर शुभांगीला माहीत नव्हतं. जुईलीनं शोधलं. एकाच्या गावातले कामकरी मित्राच्या गावात जाऊन तिथली घरं बांधू शकत होते, शेतं करू शकत होते. फक्त तसं कुणी करत नसे, कारण प्रत्येकाला आपलं गाव आधी मोठं करायचं असायचं.

"आणि हे त्या दोन गेमांत हुतं?"

"नाही. तिथं ज्याचं त्यानं."

"मग झालं की," गोजराबाई म्हणाल्या. "ही इर्जिक हाय. हाच गेम घ्यायचा."

"काकू, हा सगळ्यात वेगाचा आहे," जुईली कळवळून म्हणाली. "यात ती पोरं आपल्याला तुडवतील."

"आगं, एका बाईनं वीस गुंठं आवायला सा दीस लागत्यात. अकरा बायकांनी दुपारपतूर. येग हातात नसतो, मोजणीत असतो. आपल्याला तिघींना मिळून एकच रान करायचंय. मग दुसरं. मग तिसरं."

गुरुवार, शुक्रवार त्यांनी तेवढंच केलं. गोजराबाई मुकादम झाल्या. पहिली पाळी शुभांगीची, कारण तिचा हात चालता. दुसरी जुईलीची. शेवटची स्वतःची. प्रत्येकीनं आपल्या गावात एक माणूस ठेवायचा, बाकी सगळे जिची पाळी तिच्याकडे. दोघीही पहिल्यांदा चुकल्या. आपल्या ओस गावाकडे बघून जीव खालीवर व्हायचा आणि माणसं अर्ध्या वाटेतून माघारी वळवायच्या. जुईलीनं तर शुक्रवारी तीनदा तसं केलं.

"जुईली, तुझा इश्वास न्हाई आमच्यावर," गोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "माणसं शुभांगीकडं गेली म्हंजे तिची झाली न्हाईत. उद्या सगळी तुझ्याच रानात उतरनार हायेत."

चौथ्यांदा जुईलीनं माणसं वळवली नाहीत.

शनिवारी दुपारी चारपर्यंत लोडशेडिंग होतं, म्हणून सामना साडेचारला ठरला. दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सहा कॉम्प्युटर मांडले होते, निळ्या वायरी सगळीकडे पसरल्या होत्या. ऑफिसातली ती तीन पोरं बघायला आली होती. शंभू दारात उभा होता, आत येत नव्हता आणि खालीही जात नव्हता. गोजराबाईंनी पळापळीचा गेम सांगितला तेव्हा स्वानंदनं कौस्तुभला चक्क टाळी दिली.

"काकू, नक्की ना? मागनं म्हणाल पोरांनी फसवलं."

"लाव, लाव. बोलू नको."

पहिली दहा मिनिटं खोलीत फक्त बटणांचा आवाज होता. मग कौस्तुभनं आपला टेहळणीचा घोडेस्वार गोजराबाईंच्या गावात पाठवला, आणि तो खदखदून हसला.

"अरे, इकडं बघा! काकूंच्या गावात तीन झोपड्या आणि एक म्हातारा. काकू, माणसं कुठं गेली, जत्रेला?"

"व्हय, जत्रेलाच गेल्यात. तू ये की, तुलाबी परसाद दिऊ."

सगळे हसले. पोरांनी तिथंच ठरवलं, आधी काकूंना उडवू. एक राजा गेला की उरलेल्या दोघी आपोआप गळतील. तिघांनी जी काही थोडी फौज जमली होती ती काकूंच्या गावाकडे वळवली. सरावातल्या त्याच नकाशावरची ती देवराई वाटेत होती, एकही झाड न तोडलेली, त्यामुळे फौजेला तिला लांबून वळसा घालावा लागला.

तेवढ्या वेळात शुभांगीच्या गावात तीन गावांची माणसं राबत होती. तिची शेतं पिकत होती, तबेला उभा राहिला होता, आणि पोरांची फौज गोजराबाईंच्या पहिल्या झोपडीला आग लावत होती तेव्हा शुभांगीचे चौदा घोडेस्वार स्वानंदच्या दारात पोचले होते. तिथं राखायला कुणीच नव्हतं.

"अरे! अरे, हे कुठनं आले?" स्वानंद खुर्चीतून उठला. "हिच्याकडं इतक्या लवकर घोडे कसे?"

"कौस्तुभ, मागं फिर!" एकनाथनं हाक दिली.

"मागं कसा फिरू, ते जंगल आडवं आहे!"

गोजराबाईंच्या पडद्यावर त्यांचं गाव जळत होतं. शंभू नकळत दोन पावलं आत आला. "आई, तुझं घर गेलं."

"जाऊ दे. माणसं शुभांगीच्या रानात हायेत." त्यांनी मान वर केली नाही. "चला गं, शुभांगीचं झालं. आता जुईलीच्या रानात! सगळ्या!"

आणि तिघींची सगळी माणसं जुईलीच्या ओसाड गावात उतरली. ते गाव कसं वाढलं हे बघायला ऑफिसातली पोरं खुर्च्या सोडून तिच्या पाठीमागे येऊन उभी राहिली. भिंत, मनोरा, दारूखाना. प्रत्येक गोष्टीला वीस-वीस माणसं लागत होती. एकनाथला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तो ओरडला, "या तिघी नाहीत रे, या एकच आहेत! एकेक करून मोठ्या होतायत!" पण एकनाथचं गाव वाचवायला कौस्तुभ आपली माणसं द्यायला तयार नव्हता. "मी दिली तर माझं काय?" असं तो म्हणाला, आणि त्यावर त्यांच्यात तिथंच भांडण लागलं.

सव्वापाचच्या सुमाराला स्वानंद बाहेर पडला. नंतर एकनाथ. कौस्तुभ शेवटपर्यंत लढला. तोवर तिसरी पाळी आली होती. जळलेल्या जागेवर गोजराबाईंचं गाव पुन्हा उभं राहिलं होतं, आणि शेवटचा दरवाजा त्यांच्याच माणसांनी पाडला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत विजयाची पाटी आली. इंग्रजीत होती, गोजराबाईंना ती वाचता आली नाही. जुईलीनं त्यांचा हात धरून वर केला तेव्हा त्यांना कळलं.

कौस्तुभनं माऊस बाजूला सारला. मग उठला आणि त्यानं खाली वाकून त्यांना नमस्कार केला. "उद्या किती वाजता, काकू?"

"सातला. आणि ते पांढरं बूट घालून येऊ नको."

शंभू दारातून नाहीसा झाला होता. जिन्यात त्याचा आवाज ऐकू येत होता. पॉवर टिलरवाल्याला तो फोनवर सांगत होता, "न्हाई, न्हाई, उद्याच. पाचला ये. चिखल करून पायजे सातच्या आत. आवणी हाय आमची." मग त्यानं आणखी एक फोन लावला, मुरमाच्या गाड्या नको म्हणून सांगायला.

रविवारी सहा इंजिनीअर, दोघी गडी, गोजराबाई आणि शंभू खाचरात उतरले. सारजाबाईंना खबर लागली होती. त्या काठी टेकत आल्या आणि बांधावर बसल्या. "मला वाकता येत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर मुठी फेकता येत्यात." आणि रोपाच्या मुठी त्यांनी अशा नेमक्या फेकल्या की प्रत्येकाच्या हाताशी चिखलात उभ्या राहिल्या.

पोरांची पहिली ओळ बघून गोजराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "कौस्तुभ, ही ओळ हाय का ओढा?"

"काकू, वळसा घातला. देवराई होती मधे."

सगळ्यात मोठ्यानं गोजराबाईच हसल्या. बारा वाजेपर्यंत अर्धं खाचर झालं, साडेचारला सगळं. पोरांच्या कमरा मोडल्या होत्या, पाय सुजले होते, पण जेवताना एकनाथनं घरी फोन लावला आणि आईला सांगितलं, "मी आज भात लावला." दोनदा सांगितलं, कारण तिचा विश्वास बसत नव्हता. गोजराबाई सगळ्यांना वाढत होत्या. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या घरचा इर्जिकीचा दिवस होता.

त्यानंतर पार्किंगचा विषय निघाला नाही. गाड्या इमारतीच्या पुढच्या बाजूला दाटीवाटीनं लागतात, भांडणं होतात, शंभू मिटवतो. पुढच्या वर्षी स्वानंद पुण्यात राहायला गेला, एकनाथची बंगळूरला बदली झाली, त्यांच्या जागी नवी पोरं आली. खोली दाखवताना गोजराबाई सगळ्यांना अटी सांगतात. पाणी सकाळी दोन तास, गच्चीला कुलूप अकरा वाजता, आणि जुलैतला एक रविवार आमच्या खाचरात. दोघांनी या अटीमुळे खोली नाकारली. बाकीच्यांनी आधी हसून घेतली आणि मग पाळली. २००८, २००९, २०१०, तिन्ही वर्षं त्या वीस गुंठ्यांत इंद्रायणी उभी राहिली. २००९ ला सारजाबाईंकडची भाडेकरू पोरंही आली, आणि सारजाबाईंनी घराच्या मागची पाच गुंठे पडीक जागा साफ करून घेतली. आधी कुणाचं खाचर, हे अर्थात गोजराबाईच ठरवतात.

गेम त्या अजूनही खेळतात, रविवारी, एखादा तास. पोरं त्यांना नवे गेम आणून देतात आणि त्या प्रत्येक वेळी खेळून बघून निवडतात. एक प्रश्न मात्र त्या दर नव्या इंजिनीअरला विचारतात. कौस्तुभनं तो एकदा इंग्रजीत लिहून इंटरनेटवर टाकला होता, जिथं असे गेम बनवणारे लोक एकमेकांशी बोलतात. तिथं चार-पाच जणांनी हसणारी चिन्हं टाकली, उत्तर कुणी दिलं नाही. जुईली म्हणाली की तिनं बराच शोध घेतला, पण तिलाही सापडलं नाही.

"शेवटचा राजा हरला की पाटी येती आणि सगळं काळं हुतं," गोजराबाई म्हणतात. "मग त्या गावात पिकं हुबी असत्यात त्येंचं काय हुतं? लढाई मिटल्यावर कापणीपतूर चालणारा असा एखादा गेम कुणी केलाय का न्हाई?"